लाखोळीची डाळ व मज्जापेशींचा मृत्यु

दुष्काळाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा मेलेल्यांची संख्या मोजतों. जे दुष्काळांतून वांचले, परंतु ज्या अन्नानें वांचले त्याच अन्नानें जन्माचे पांगळे झाले, त्यांची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. अशी एक नोंद मध्य हिंदुस्थानांत झालेली आहे. तिच्यांतील कोडें उलगडण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या उलगड्याचा एक धागा शेवटीं एक मिलिमीटर लांबीच्या अळीपर्यंत जाऊन पोंचला.

भीमेच्या कांठीं कोरेगांव, शिरूर, दौंड या बाजूस वाढलेल्या माणसास ज्वारी, बाजरी, तूर, मटकी, हुलगा हें अन्न परिचयाचें. लाखोळी त्यानें बहुधा पाहिलेलीहि नसते. परंतु विदर्भाच्या पूर्वेस, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखांत, ती जुनी ओळखीची आहे. धान उभें असतां, कापणीच्या आधीं, शेतांत ओल आहे तोंवर तिचें बीं नुसतें फेंकून देतात. नांगरट नको, पाणी नको. तिला कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोरी; उत्तरेकडे तीच खेसारी किंवा तिवडा. पाऊस गेला, गहूं जळाला, तरी ती तग धरते. हाच तिचा गुण, आणि तिचें भयहि ह्याच गुणांतून निघतें. कारण इतर सर्व पिकें बुडालेल्या वर्षीं गरिबाच्या ताटांत तीच तेवढी उरते.

गोविंदपंत बुंदेल्यांनीं ज्या सागर प्रांतीं मराठ्यांचें ठाणें बसविलें, तो १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. तेथील खेड्यांत काय घडलें तें कर्नल स्लीमन यानें १८४४ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवलें आहे. १८२९ सालीं गारांनीं पीक झोडपलें. १८३० सालीं पाऊस वेळेवर पडला नाहीं. १८३१ सालीं गव्हावर तांबेरा पडला. गव्हांत आपोआप उगवणारा तिवडा मात्र माजला. लोकांनीं तोच कापला, आणि त्या वर्षीं व पुढेंहि त्यावरच गुजराण केली. १८३३ सालीं परिणाम दिसूं लागला: तिशीच्या आंतील तरुण माणसें एकाएकीं कमरेखालीं लुळीं पडूं लागलीं.

हा रोग आपल्या वैद्यांस अगदींच अपरिचित नव्हता. चालूं लागतांना ज्याचे पाय कांपतात व जो लंगडत जातो, अशा रोग्याचें वर्णन सुश्रुतसंहितेंत ‘कलायखंज’ या नांवानें आहे. आणि भावप्रकाशांत तर त्रिपुट धान्य खाल्ल्यानें पांगळेपणा येतो असें सांगितलें आहे. एकोणिसाव्या शतकांत अलाहाबादेकडे डॉ. आयर्विंग यानें असे रोगी तपासले. नेपल्सच्या कांतानी यानें १८७३ सालीं या रोगास त्या वनस्पतीच्या लॅटिन नांवावरून ‘लॅथिरिझम’ हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धांत वाप्नियार्का येथील बंदिछावणींत यहुदी कैद्यांस हेंच कडधान्य खाऊं घालण्यांत आलें आणि शेंकडों माणसें पांगळीं झालीं. तेथील डॉ. आर्थर केस्लर हा स्वतः कैदी होता; त्यानें रोग ओळखला व लिहून ठेवला. रीवा संस्थानांत तर दुष्काळ नसतांहि हा रोग दिसे. कारण वेठीच्या गड्यास मजुरी म्हणून हेंच धान्य मोजून देत.

रोगाचें लक्षण विलक्षण आहे. बुद्धि शाबूत, बोलणें शाबूत, हातहि बहुधा शाबूत. पाय मात्र ताठतात आणि माणूस चवड्यांवर, काठीच्या आधारानें, पाय ओढीत चालतो. हें दुखणें फारसें वाढत नाहीं, परंतु सहसा बरेंहि होत नाहीं; कारण ज्या मज्जापेशी मेंदूची आज्ञा पायांकडे नेतात, त्यांची हानि भरून येत नाहीं.

डाळींत विष कोणतें, याचा शोध १९६४ सालीं लागला, आणि तो आपल्याच देशांत लागला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत राव, आदिगा व सर्मा यांनीं, आणि दिल्लींत मूर्ति, शेषाद्रि व वेंकिटसुब्रमण्यन् यांनीं, या दाण्यांतून एक अमिनो आम्ल वेगळें काढलें. एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलास तें टोंचलें असतां त्याची मान मागें वळून तें आंचके देऊं लागे.

हें द्रव्य पेशीस जाळीत नाहीं कीं तिचें अन्न तोडीत नाहीं. मग ती मरते कशी? आपल्या मेंदूंत एक पेशी दुसरीस जो निरोप धाडते, तो पुष्कळदां ग्लुटामेट नांवाच्या द्रव्याच्या रूपानें जातो. निरोप पोंचला कीं ग्लुटामेट लगेच उचलून नेलें जातें व पेशी शांत होते. लाखोळींतील आम्लाची घडण ग्लुटामेटशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं पेशी त्यासहि निरोपच समजते. तिचे दरवाजे उघडतात, सोडियम व कॅल्शियम आंत लोटतें. उत्तेजन थांबत नाहीं, आणि पेशी फुगून मरते. खरें ग्लुटामेट अति झालें तरी हेंच होतें: १९५७ सालीं ल्यूकस व न्यूहाउस यांस तें उंदरांच्या पिलांच्या डोळ्यांत दिसलें, व १९६९ सालीं जॉन ओल्नी यांस मेंदूंत. १९८६ सालीं पीटर स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्यांत हिंदी वैद्यहि होते, लाखोळीच्या रोगाचा या उत्तेजनाशीं संबंध असल्याचा पुरावा मांडला.

परंतु मेंदूंत पेशी अब्जावधि. त्यांतील एकीचें मरण पायरीपायरीनें कसें पाहावें? येथें सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स ही मातींतील अळी उपयोगी पडली. सिडने ब्रेनर यांनीं १९७४ सालीं तिच्या आनुवंशिकतेचा पाया घातला. तिचें शरीर पारदर्शक, मज्जापेशी मोजून ३०२, आणि त्यांपैकीं हळुवार स्पर्श जाणणाऱ्या अवघ्या सहा. मार्टिन चाल्फी हे केस काडीस चिकटवून त्यानें अळीस स्पर्श करीत व जी अळी सरकत नाहीं ती निवडून काढीत. कांहीं अळ्यांत त्या सहाही पेशी फुगून मेलेल्या आढळल्या. १९९१ सालीं मोनिका ड्रिस्कोल व चाल्फी यांनीं कारण दाखविलें: पेशीच्या आवरणांतील एका दरवाजाचें प्रथिन किंचित् बदललें होतें, त्यामुळें तो मिटतच नव्हता. २००१ सालीं ड्रिस्कोल यांच्या प्रयोगशाळेंत असें दिसलें कीं, पेशीच्या आंत सांठविलेलें कॅल्शियम मोकळें होऊं दिलें नाहीं तर त्यांतील बऱ्याच पेशी वांचतात. पुढें २००९ सालीं, ग्लुटामेट उचलून नेणारें एक प्रथिन अळींतून काढून टाकलें व दुसऱ्या एका फेरफारानें पेशी हळव्या केल्या, तेव्हां मनुष्याच्या मेंदूंत होतें तसेंच मरण अळींतहि घडून आलें. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि या अळीच्या स्पर्शपेशींवर अभ्यास चालतो.

अळीनें लाखोळीच्या रोगावर औषध दिलें नाहीं. तिनें दिलें तें एवढेंच, कीं हें मरण एका घावाचें नसून त्यास पायऱ्या आहेत, आणि मधल्या पायरीवर तें अडवितां येतें. पक्षाघातांत रक्त तुटलेल्या मेंदूंतहि हेंच ग्लुटामेट सांडतें. म्हणून या ज्ञानाचें मोल लाखोळीपुरतें नाहीं.

रोग्यांच्या पायांकडे पाहिलें तर मात्र इतिहास दुसरेंच कांहीं सांगतो. १९६१ सालीं सरकारनें या डाळीच्या विक्रीस बंदी घातली. तरी पेरा थांबला नाहीं, कारण धानानंतर त्या ओलींत दुसरें इतकें सोपें पीक शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें. पुढें रतन, प्रतीक, महातिवडा अशा अत्यल्प विषाच्या जाती निघाल्या. डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून दिलें कीं विषाचा बराच भाग निघून जातो. इतर धान्यांबरोबर थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाहीं. बाधते ती महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरणाऱ्यास. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें बंद झाली, आणि गड्यास डाळीऐवजीं पैका व गहूं-तांदूळ मिळूं लागला, तसतसा हा रोग ओसरत गेला.

रोगाचें कारण पेशींत सांपडलें. परंतु ती पेशी कोणाच्या देहांतली असावी हें मजुरीच्या मापानें ठरत होतें. सागरच्या त्या तरुणांस याची खबर कोणी दिली नाहीं, आणि दिली असती तरी १८३१ सालीं त्यांच्या ताटांत दुसरें कांहीं नव्हतें.