बांधावरचा आरुणी आणि त्याचे दोन सोबती

नेट-सेट झाली, पेटही निघाली, आता गाईड शोधताय ना? मग आरुणीची गोष्ट एकदा नीट वाचून घ्या. शाळेत आपण सगळ्यांनीच ती ऐकलीय: शेताचा बांध फुटतो, खांड काही केल्या बुजत नाही, शेवटी आरुणी स्वतःच तिथे आडवा होतो, गुरू प्रसन्न होतात. तात्पर्य, आज्ञापालन. पण ही गोष्ट मुळात एकटी नाहीच. ती तीन गोष्टींतली पहिली आहे, आणि बाकीच्या दोन वाचल्या की तात्पर्य डळमळतं.

ती वाचायला पुण्यासारखी जागा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, 1925 पासून वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले, आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झालं आणि अख्खी आवृत्ती 1966 मध्ये. आदिपर्वाचा तिसरा अध्याय उघडा. पानावर वर संहिता, खाली पाठभेद. हा अध्याय बराचसा गद्यात आहे, त्यामुळे संस्कृत जेमतेम असलं तरी घाबरू नका.

पहिली गंमत आरुणीच्याच गोष्टीत. तिथे काळोखी रात्र नाही, मुसळधार पाऊस नाही. तो आपल्या कथाकारांनी पाडलाय. मूळ प्रसंग जेमतेम काही ओळींचा. आयोद धौम्य बांध घालायला पाठवतात, आरुणी आडवा पडतो, पाणी थांबतं. मग कधीतरी धौम्य बाकीच्या शिष्यांना विचारतात, आरुणी कुठे गेला? शिष्य सांगतात, तुम्हीच तर त्याला पाठवलंत. म्हणजे आज्ञा देणारा विसरलाय आणि पाळणारा अजून चिखलात पडून आहे! शाळेच्या गोष्टीतून नेमका हा भाग गळतो.

दुसरा उपमन्यू. त्याच्याकडे गाई राखायचं काम. तो धष्टपुष्ट दिसतो म्हणून गुरू विचारतात, खातोस काय? भिक्षा, असं उत्तर येतं, तर ती गुरूंना आणून द्यायची. दुसऱ्यांदा मागितलेली भिक्षा बंद, मग गाईचं दूध बंद, मग वासरांच्या तोंडचा फेससुद्धा बंद. शेवटी पोरगा भुकेने रुईची पानं खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो.

इथे मला नेहमी ओडिसी आठवतं. तिथेही भूक आहे आणि गुरंही आहेत. सूर्यदेवाच्या गुरांना हात लावायचा नाही, असं ओडिसिअस साथीदारांना बजावतो. ते उपाशीपोटी शपथ मोडतात आणि जहाज फुटून एकजात सगळे बुडतात. ओडिसिअस तेवढा वाचतो. हिशेब सरळ आहे: ऐकलं नाही, मेले. महाभारतात मात्र जो ऐकतो तोच विहिरीत आहे.

उपमन्यू गुरूंच्या सांगण्यावरून अश्विनीकुमारांची स्तुती करतो. ते येऊन अपूप देतात. तो म्हणतो, गुरूंना दिल्याशिवाय खाणार नाही. त्यावर अश्विनीकुमार जे सांगतात ते भारी आहे: तुझ्या गुरूलाही आम्ही असाच अपूप दिला होता, त्याने तर आपल्या गुरूला न विचारताच खाल्ला! उपमन्यू तरीही खात नाही. त्याला दृष्टी मिळते, वर सोन्याचे दात. गुरूचे दात लोखंडाचे, हेही ते सांगून टाकतात. धौम्य शिष्याकडून जे मागत होते ते त्यांनी स्वतः केलेलं नव्हतं, आणि ग्रंथ हे लपवत नाही.

तिसऱ्या वेदावर कथाकार फार शब्द खर्च करत नाही. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो वर्षानुवर्षं गुरुगृही बैलासारखा राबला; थंडी, ऊन, भूक, तहान, सगळं सोसलं. पुढे तो स्वतः गुरू झाला, त्याला तीन शिष्य मिळाले, आणि त्यांना त्याने कसलंच काम सांगितलं नाही. कारण ग्रंथातच दिलंय: गुरुघरचं दुःख त्याला माहीत होतं. ‘आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा’ हे वाक्य तुम्ही विभागाच्या कँटीनमध्ये ऐकलं असेल. वेद ते म्हणत नाही.

म्हणून त्याचा शिष्य बिघडतो का? तर तसंही नाही. वेद बाहेरगावी असताना घरातल्या बायका त्याच्या शिष्याला, उत्तंकाला, गुरुपत्नीबाबत नको ते करायला सांगतात. तो साफ नकार देतो. परत आल्यावर वेद त्याच्यावर खूश होतो आणि घरी जायची परवानगी देतो. पण उत्तंक दक्षिणेसाठी हटून बसतो. वेद त्याला पत्नीकडे पाठवतो, ती पौष्य राजाच्या राणीची कुंडलं मागते, वाटेत तक्षक ती पळवतो. कुंडलं परत मिळवून, वेळेत पोचवून उत्तंक हस्तिनापूर गाठतो आणि जनमेजयाला तक्षकाविरुद्ध भडकवतो. त्यातून सर्पसत्र उभं राहतं, आणि त्याच सत्रात वैशंपायन महाभारत सांगायला बसतात.