क्रमित रचनांची परिपूर्ती आणि मीलनांचे रक्षण

क्रमित रचनेतील उणिवा भरून काढताना तिच्यातील जुने संबंध अबाधित राखता येतात काय, हा प्रश्न प्रथम संख्यारेषेच्या संदर्भात निघाला. झ्यूरिख येथे कलनशास्त्र शिकविणाऱ्या रिचर्ड डेडेकिंड यांस त्याचे उत्तर २४ नोव्हेंबर १८५८ रोजी सुचले. प्रसिद्ध मात्र ते १८७२ मध्ये झाले. परिमेय संख्यांच्या प्रत्येक छेदास एक संख्या मानावी, म्हणजे २ च्या वर्गमूळाची जागा रिकामी राहत नाही.

१९३७ मध्ये मॅक्‌नील यांनी ही युक्ती कोणत्याही अंशतः क्रमित संचास लावली. एखाद्या समूहाच्या सर्व ऊर्ध्वसीमा घ्यावयाच्या, मग त्या सर्वांच्या अधःसीमा; अशा रीतीने मिळणारा समूह संवृत होय. संवृत समूहांची रचना पूर्ण असते. शिवाय मूळ रचनेत ज्या लघुतम ऊर्ध्वसीमा होत्या, म्हणजेच जी मीलने होती, ती तिच्यात तशीच राहतात. हे आपोआप घडणारे नव्हे. अधोगामी समूह सरसकट घेतले तर मीलन म्हणजे निव्वळ संयोग ठरतो आणि जुनी मीलने मोडतात.

भाषाभ्यासकास हा भेद ओळखीचा वाटेल. 'मुलगा' व 'घोडा' ही रूपे ज्या ज्या संदर्भांत चालतात ते सर्व संदर्भ घ्या, आणि त्या सर्वांत चालणारी रूपे गोळा करा. 'बैल' न बोलावता आत येतो, 'घोडी' बाहेर राहते. दोन रूपांचा संयोग हा वर्ग नव्हे. वर्ग म्हणजे त्यांचे मीलन. सेस्तिए यांनी १९६० मध्ये शब्दवर्गांची मांडणी याच रीतीने केली.

परंतु क्रम टिकला म्हणून बीजगणित टिकतेच असे नाही. वितरणशील जालकाची छेदांनी केलेली परिपूर्ती वितरणशील असेलच असे नाही, हे फुनायामा यांनी १९४४ मध्ये एका छोट्या टिपणात दाखविले. मूळ नियम दोन-दोन घटकांविषयी बोलतो. नव्या रचनेतील घटक मात्र अनंत मीलनांतून उपजतात, आणि त्यांच्याविषयी त्या नियमास काही म्हणावयाचे नसते.

मग बचाव कोठे? माझ्या मते भागाकारात. वॉर्ड व डिलवर्थ यांनी १९३९ मध्ये अशा जालकांचा अभ्यास केला, ज्यांत गुणाकाराबरोबर भागाकारही असतो: 'क' व 'ख' यांचा गुणाकार 'ग' च्या खाली असणे आणि 'क' हा 'ग भागिले ख' च्या खाली असणे, ही एकच गोष्ट. त्यामुळे गुणाकारावरील कोणतीही ऊर्ध्वसीमा एका गुणकावरील ऊर्ध्वसीमेत बदलता येते. समूह संवृत करताना जे नवे घटक येतात तेही तीच सीमा पाळतात. म्हणून परिपूर्तीतही गुणाकार सर्व मीलनांवर वितरित होतो, आणि गुणाकार, भागाकार व जुनी मीलने तिन्ही टिकतात. हेटिंगच्या बीजगणितात महत्तम अधःसीमा हाच गुणाकार असतो व 'जर-तर' हा त्याचा भागाकार. तेथे फुनायामांची आपत्ती ओढवत नाही ती याच कारणाने.

लॅम्बेक यांनी १९५८ मध्ये वाक्यरचनेचे गणित मांडले तेव्हा गुणाकार म्हणजे पदे लागोपाठ ठेवणे असा अर्थ घेतला. अकर्मक क्रियापद म्हणजे ज्याच्या पूर्वी नाम ठेवले असता वाक्य सिद्ध होते ते पद, अर्थात वाक्यास डावीकडून नामाने भागून आलेला वर्ग. व्याकरणाच्या सोयीसाठी आलेला हा भागाकार पुढे छेदांच्या परिपूर्तीसही पुरेसा ठरावा, याची अपेक्षा त्या लेखाच्या वाचकांनी क्वचितच केली असेल.