चित्र कोणाचे? काढणाऱ्याचे की काढवून घेणाऱ्याचे?

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याने नरपड मागे टाकले की चिखले लागते. एका बाजूला सुरूची झाडे व समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. या पट्ट्यात कुंपणांच्या भिंतींवर, उपाहारगृहांच्या दर्शनी भागावर वारली चित्रे दिसतात. गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्या भोवती नाचणाऱ्यांचा फेर. येणारा-जाणारा थांबतो, फोटो काढतो, पुढे जातो. चित्र कोणी काढले हे विचारणारा विरळा. आणि हे चित्र कोणाच्या मालकीचे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ज्याची भिंत त्याचे, ज्याने पैसे मोजले त्याचे.

हे उत्तर सर्वस्वी चूक नाही, पण पूर्णही नाही. सांगून करवून घेतलेल्या कलाकृतीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या चित्रकार, छायाचित्रकार वा सुलेखनकार होईल आणि आपल्यापैकी प्रत्येक जण घरातल्या लग्नात फोटो काढून घेईलच. तेव्हा हा इतिहास सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

मोगल बादशहांच्या किताबखान्यापासून सुरुवात करू. तेथे चित्रकार पगारी असत. कागद बादशहाचा, रंग बादशहाचे आणि तयार झालेला ग्रंथही बादशहाचा. जहांगीर व शाहजहान यांनी आपल्या संग्रहातील ग्रंथांच्या कोऱ्या पानांवर स्वहस्ते मालकीच्या नोंदी केलेल्या आहेत. याविषयी कोणाची तक्रार असल्याचे दिसत नाही. परंतु त्याच किताबखान्यात दुसरीही एक रीत होती. ‘अकबरनाम्या’च्या चित्रांखाली, समासात, कारकुनाने नावे नोंदवलेली आहेत: ‘तरह’ म्हणजे मूळ आखणी अमक्याची, ‘अमल’ म्हणजे रंगकाम तमक्याचे, आणि कधी कधी चेहरे आणखी तिसऱ्याचे. बसावनसारख्या चित्रकाराचे काम आज ओळखता येते ते या नोंदींमुळे. जहांगीराने तर आपल्या आत्मचरित्रात अभिमानाने लिहून ठेवले आहे की, एकाच चित्रात अनेकांचा हात असला तरी कोणता भाग कोणाचा हे आपण ओळखू शकतो. इकडे दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने खलीलुल्ला या सुलेखनकाराला ‘पादशाह-ए-कलम’ असा किताब दिला. म्हणजे वस्तू मालकाची असली तरी काम कोणाच्या हातचे, ही गोष्ट दरबारातही वेगळी मानली जात होती. मालकी आणि नाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आजच्या कायद्यातले तत्त्व त्या समासातल्या नोंदींत दिसते, असे मला वाटते. (नाव लिहिले म्हणून चित्रकाराचा पगार वाढला की नाही, हा भाग निराळा!)

छापखाना आला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. हस्तलिखितातले चित्र एकच असे. ते ज्याच्या हाती, त्याचे. छापखान्याने एका चित्राच्या हजारो प्रती काढण्याची सोय केली आणि मूळ चित्र एकाचे, प्रती काढण्याचा हक्क दुसऱ्याचा, अशी फाळणी शक्य झाली. राजा रविवर्मा यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून 14 पौराणिक चित्रे सांगून काढवून घेतली. ती राजवाड्यात गेली. पण पुढे 1894 मध्ये रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा शिळाछाप कारखाना काढला आणि त्यांची चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. हा कारखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर एका जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. त्या विक्रीत यंत्रांबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. राजवाड्यातल्या भिंतीवरचे चित्र जागचे हलले नाही, पण त्याच चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्क हात बदलत राहिला.

याउलट आपल्या मुंबईतले सिनेमाचे फलक पाहा. पंढरपूरला 1915 मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन उमेदवारीच्या काळात हे फलक रंगवून पोट भरत. सिनेमा उतरला की फलक उतरे. त्यावर रंगवणाऱ्याचे नाव नसे आणि हक्काची भाषा तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये 1911 साली झालेला कायदा 1914 मध्ये किरकोळ फेरफारांसह हिंदुस्थानात लागू झाला. मोबदला देऊन सांगून करवून घेतलेले छायाचित्र, व्यक्तिचित्र किंवा कोरीव छपाईचे चित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार सांगणारा गिऱ्हाईक, असे त्यात होते. स्वतंत्र भारताने 1957 मध्ये स्वतःचा प्रताधिकार कायदा केला, त्याच्या 17 व्या कलमात ही तरतूद ठेवली आणि तीत रंगचित्रही घातले. गंमत अशी की, ज्या इंग्लंडकडून आपण हा नियम घेतला, त्या देशाने 1988 च्या नव्या कायद्यात तो सोडून दिला. तिथे आता हक्क सामान्यतः कलावंताचा असतो. घरगुती प्रसंगाच्या फोटोंपुरते, ते परवानगीवाचून प्रसिद्ध होऊ नयेत, एवढे संरक्षण गिऱ्हाइकाला आहे. आपण जुन्या नियमाला धरून आहोत.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. लग्नात आपण पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि काही वेगळे ठरले नसेल, तर त्या फोटोंचा प्रताधिकार आपला. छायाचित्रकाराने आपल्या मुलीचा फोटो न विचारता दुकानाच्या काचेत लावला किंवा जाहिरातीत छापला, तर हरकत घेता येते. चित्राचेही तेच. शाळेने मोबदला देऊन भिंतीवर चित्र काढवून घेतले, तर ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क, उलट करार नसल्यास, शाळेचा. पण तेच चित्र चित्रकाराने प्रेमाखातर फुकट काढून दिले, तर प्रताधिकार त्याच्याकडेच राहतो. पैसे घेणाऱ्याचा हक्क जातो आणि न घेणाऱ्याचा राहतो, असा हा उफराटा न्याय आहे!

आणखी एक भेद बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चित्र सांगून काढवून न घेता तयार चित्र विकत घेतले, तर आपण फक्त तो कागद विकत घेतो. तो भिंतीवर टांगावा, भेट द्यावा, विकावा. पण त्याच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराचाच. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे तो त्याच्या वारसांकडे राहतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात.

तथापि प्रताधिकार गेला तरी कलावंताचे सर्वच जात नाही. याच कायद्याचे 57 वे कलम म्हणते की, कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याचाच राहील. या कलमाची मोठी कसोटी दिल्लीत लागली. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी सरकारच्या सांगण्यावरून विज्ञान भवनासाठी कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प घडवले. 1957 मध्ये काम सोपवले गेले, 1962 मध्ये ते पुरे झाले. 1979 मध्ये दुरुस्तीच्या वेळी ते काढून टाकण्यात आले. त्याची मोडतोड झाली आणि ते गोदामात पडून राहिले. सेहगल 1992 मध्ये न्यायालयात गेले. पैसे सरकारने मोजले होते, वस्तू सरकारची होती. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सेहगलांना परत देण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला. कारागिराचे बिल चुकते केले म्हणजे संबंध संपला असे समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे. वारली चित्र मुळात लग्नाचे. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढीत, मध्ये पालघट देवी. तेथे विक्री नव्हती, सही नव्हती. भिंत पुन्हा सारवली की चौक गेला. मालकीचा प्रश्न उद्भवायला वस्तू टिकावी लागते, आणि येथे ती टिकतच नव्हती. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या कलावंताच्या प्रोत्साहनाने हे चित्र भिंतीवरून कागदावर व कापडावर आले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या निमित्तावाचून, रोज, स्वतःच्या मनाने चित्रे काढली. ती मुंबईत व पुढे परदेशात गेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते निवर्तले. म्हशांचे एखादे चित्र हे त्यांची स्वतंत्र कृती, त्यावर त्यांचा व आता त्यांच्या वारसांचा हक्क. पण त्रिकोणी माणूस कोणाचा? तारप्याचा फेर कोणाचा? प्रताधिकार एका कर्त्याच्या एका कृतीला मिळतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शैलीला मिळत नाही. म्हणून कपांवर, चादरींवर, साड्यांवर हा फेर कोणीही छापतो. 2010 मध्ये एका बड्या शीतपेय कंपनीच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली चित्रे आली, तेव्हा आदिवासी तरुणांच्या संघटनेने हरकत घेतली.

पुढे 2014 मध्ये, डहाणू तालुक्यातील आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून, ‘वारली चित्रकला’ या नावाला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. 1999 च्या ज्या कायद्याने नंतर आपल्या घोलवडच्या चिकूचे नाव राखले, तोच हा कायदा. पण चिकू आणि चित्र यांत फरक आहे. ही नोंदणी नावाचे रक्षण करते. दूरच्या शहरातल्या छापखान्याने काढलेला माल ‘वारली चित्र’ म्हणून विकता येऊ नये, हा तिचा हेतू. नाव न लावता नुसता फेर छापला, तर ती फारशी कामाला येत नाही.

तेव्हा चिखल्याच्या एखाद्या वाडीवाल्याने किंवा शाळेने पाड्यावरच्या चित्रकाराला भिंतीसाठी बोलावले, तर मजुरी ठरवतानाच साध्या मराठीत एक कागद करावा: चित्र भिंतीपुरते की छापण्यासाठीही, छापल्यास वेगळे किती द्यायचे, दुसऱ्या कोणाला देता येईल की नाही, नंतर भिंत रंगवायची झाल्यास आधी कळवायचे की नाही. कागद झाला नाही तर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा राहतो. म्हणून त्याची गरज गिऱ्हाइकापेक्षा चित्रकाराला अधिक, आणि तो मागण्याचा संकोचही त्यालाच अधिक. तो कागद आपणच पुढे करावा. आणि चित्राच्या कोपऱ्यात, किताबखान्याच्या कारकुनाने लिहीत तसे, काढणाऱ्याचे नाव व पाड्याचे नाव लिहायला चार बोटे जागा सोडावी.