सूरजागडचा डोंगर आणि भागधारकांची यादी

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत, दाट अरण्याच्या मध्यभागीं, सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटांत उत्तम प्रतीचें लोहखनिज आहे आणि त्याच्यावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर वर्षीं जानेवारी महिन्यांत आसपासच्या गांवांचे लोक तेथें यात्रेस जमतात. याच डोंगराचें दुसरें एक रूप मुंबईच्या शेअरबाजारांत पाहावयास मिळतें. तेथें तो कागदावरचा आहे. दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आंत, खाण चालविणारी कंपनी आपले शेअर कोणाकोणाच्या हातीं आहेत याचा तक्ता बाजाराकडे धाडते आणि तो कोणासहि पाहतां येतो. आकड्यांचा हा तक्ता वरवर नीरस दिसतो. परंतु हजारोंच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीचा खरा धनी कोण, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. त्या प्रश्नाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे आणि योगायोग असा कीं, त्याचा एक धागा याच मुलखांतून निघतो.

१८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडाच्या धंद्याविषयींचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. लोहारा येथील खनिज फार संपन्न असून वरोऱ्याचा कोळसा त्यापासून दूर नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. जमशेटजींनीं कोळशाची जर्मनींत परीक्षा करविली. पण लोखंड गाळण्याच्या कामीं तो निरुपयोगी ठरला. खाणींविषयींचे सरकारी नियमहि त्या काळीं जाचक होते. १८९९ सालीं ते सैल झाले, तेव्हां जुना विचार पुन्हां जागा झाला, आणि १९०४ मध्यें सी. एम. वेल्ड हे अमेरिकन भूगर्भवेत्ते चांद्याच्या रानांत हिंडूं लागले. लोहाऱ्याचा माल उत्तम, परंतु मोठ्या कारखान्यास पुरेल इतका नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला. पुढें शोध धल्ली-राजहऱ्याकडे आणि प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळें मयूरभंज संस्थानाकडे वळला. चांद्याचें लोखंड चांद्यांतच राहिलें.

खनिज सांपडलें, तरी भांडवल सांपडेना. जमशेटजी १९०४ सालींच निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनीं लंडनच्या पेढ्यांचे उंबरठे झिजविले. तेथें मनासारख्या अटींवर पैसा मिळाला नाहीं. अखेर १९०७ च्या ऑगस्टांत स्वदेशांतच शेअर विक्रीस काढण्यांत आले. स्वदेशीचे ते दिवस होते. मुंबईंतील टाटांच्या कचेरीपुढें पहाटेपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली आणि तीन आठवड्यांत सुमारें ८००० हिंदी लोकांनीं १६ लक्ष ३० हजार पौंडांचें भांडवल उभें केलें. भागधारकांची ती यादी म्हणजे एक प्रकारें देशाच्या विश्वासाची सनदच होती.

अशी यादी ठेवण्याचें बंधन कायद्यानें पूर्वींच घातलें होतें. १८८२ व १९१३ च्या कंपनी कायद्यांप्रमाणें प्रत्येक कंपनीनें भागधारकांची नोंदवही ठेवावयाची, ती पाहूं देावयाची आणि वर्षाकांठीं तिची प्रत सरकारी निबंधकाकडे धाडावयाची. परंतु वहींतील नांव आणि खरा मालक हीं एकच असतील असें मात्र नव्हे. विकणाऱ्यानें कोऱ्या हस्तांतरपत्रावर सही करून शेअर द्यावा आणि तो कागद हातोहात फिरत राहावा, अशी मुंबईच्या बाजाराची जुनी रीत होती. मालकी बदले, पण नांव बदलत नसे. वही होती, परंतु तिच्यांतून सत्य दिसेलच असा भरंवसा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीस नवें वळण लागलें. १९५६ सालीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें आणि लक्षावधि विमेदारांचा पैसा एकाच संस्थेच्या हातीं आला. व्यक्तीऐवजीं संस्था हीच मोठी भागधारक झाली. लवकरच तिची कसोटी लागली. १९५७ च्या जूनमध्यें महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्याशीं संबंधित सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटि रुपयांचे शेअर खरेदी केले. ज्यांच्या पैशानें हा व्यवहार झाला, त्या विमेदारांना त्याची वार्ताहि नव्हती. लोकसभेंत फिरोज गांधी यांनीं प्रश्नांची सरबत्ती केली, तेव्हां प्रकरण उघड झालें. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनीं मुंबईंत भर सभागृहांत चौकशी चालविली आणि १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस अधिकारपद सोडावें लागलें. संस्थेनें कोणत्या कंपनीचे शेअर घेतले, हें समजणें हा परक्या पैशाच्या राखणदारीचा प्रश्न आहे, हें त्या प्रकरणानें लोकांच्या मनावर ठसविलें.

त्याच प्रश्नाची दुसरी बाजू १९८३ सालीं दिसली. स्वराज पॉल यांनीं एस्कॉर्ट्स कंपनीचे शेअर बाजारांतून घेतले. चालकांनीं ते त्यांच्या नांवें चढविण्यास नकार दिला. मग लोकांच्या ध्यानीं आलें कीं, या कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर महामंडळासारख्या सार्वजनिक संस्थांकडे आहेत, आणि कंपनी आपलीच असें समजणाऱ्या चालकांचा वांटा फार थोडा आहे. महामंडळानें कांहीं संचालकांना दूर करण्यासाठीं सभा बोलाविण्याची मागणी केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठ्या संस्थेसहि भागधारक म्हणून सभा बोलाविण्याचा हक्क आहे, असा निर्णय १९८५ च्या डिसेंबरांत झाला. आपले धनी कोण याची ओळख न ठेवणाऱ्या चालकांस तो धडा होता.

पुढें १९९२ च्या कायद्यानें सेबीस अधिकार मिळाले, १९९६ नंतर कागदी शेअरांच्या जागीं निक्षेपागारांतील नोंदी आल्या आणि कोऱ्या सह्यांचा खेळ संपला. २०१५ च्या नियमांप्रमाणें आतां तिमाही तक्त्यांत प्रवर्तक कोण व त्यांचे किती शेअर गहाण आहेत, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या व परदेशी गुंतवणूकदार यांचा वांटा किती, हें सारें द्यावें लागतें. एक टक्का किंवा त्याहून अधिक वांटा असलेल्यांचीं नांवेंहि छापावीं लागतात. कंपनीच्या चालकांस हा तक्ता आरशासारखा आहे. कोणता फंड आला, कोणता निघून गेला, हें पाहून कोणाशीं बोलावें, कोणाची शंका फेडावी, हें त्यांस ठरवितां येतें. लहान गुंतवणूकदारासहि त्यावरून अंदाज बांधतां येतो. ज्यास आपले भागधारक माहीत नाहींत, त्यास त्यांचा विश्वास राखतां येत नाहीं.

आतां पुन्हां सूरजागड. २००७ सालीं येथील सुमारें ३४८ हेक्टरांचा पट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यांत घुग्घुस येथें तिचा कारखाना होताच. काम सुरू झालें तें २०१६ मध्यें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत माओवाद्यांनीं सुमारें ८० वाहनें जाळलीं. २०१९ मध्यें काम थांबलें, तें २०२१ सालीं त्रिवेणी अर्थमूव्हर्स या कंपनीच्या साह्यानें पुन्हां चालू झालें आणि त्रिवेणीचें नांव प्रवर्तकांच्या यादींत आलें. २०२३ मध्यें वार्षिक उत्पादनाची मर्यादा ३० लक्ष टनांवरून १ कोटि टनांवर गेली. इतकें होत असतांना परिसरांतील अनेक ग्रामसभांनीं खाणीस विरोध नोंदविला. कोणाच्या दृष्टीनें ही उपजीविका, कोणाच्या दृष्टीनें हा देवाचा डोंगर.

हा विरोध आणि तो तक्ता यांचा परस्परांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ओरिसांतील नियमगिरीनें दिलें आहे. डोंगरिया कोंधांच्या त्या पवित्र डोंगरावर बॉक्साइटची खाण काढूं पाहणाऱ्या वेदांत कंपनीचे भागधारक कोण, हें उघड नोंदींवरून जगास कळत होतें. नॉर्वेच्या सरकारी निधीनें २००७ सालीं तिचे शेअर वर्ज्य केले, २०१० सालीं इंग्लंडच्या चर्चनें आपले विकले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणें बारा ग्रामसभांचा कौल घेण्यांत आला आणि बाराहि सभांनीं नकार दिला. निकाल ग्रामसभांनीं दिला, हें खरें. पण दूरच्या भागधारकांच्या सदसद्विवेकास हांक मारतां आली, ती यादी उघडी होती म्हणूनच.

२०२५ च्या आरंभीं कोनसरी येथें मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितींत सूरजागडच्या कंपनीनें आपल्या कामगारांना शेअर दिले. अरण्यांतील माणसें त्या यादींत प्रथमच शिरलीं. तक्त्यांत मात्र अशा लहान भागधारकांचीं नांवें नसतात. त्यांची फक्त संख्या असते. आणि ज्या ग्रामसभांच्या शेजारीं तो डोंगर आहे, त्यांच्यासाठीं तर रकानाच नाहीं. पैसा कोणाचा, हें सांगण्याची रीत १८८२ पासून हळूहळू सुधारत आली. डोंगरावर हक्क कोणाचा, हें सांगण्यास तो तक्ता अपुरा आहे. त्या प्रश्नाची नोंद ग्रामसभांच्या ठरावांतच वाचावी लागते. मुंबईंत बसून शेअर घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबानें दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचले, तरच आपण कशाचे मालक झालों आहों, याचा त्यास उमज पडेल.