‘ऱ्हास’ म्हणजे कोणाचा?

‘ऱ्हासकाळ’, ‘अस्त’, ‘उतरती कळा’ हे शब्द इतिहासात आपण फार सहज वापरतो. आज ते चांद्यावर लावून बघू.

चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशाह. गोंड राजघराण्याच्या दृष्टीने हा अस्त. नागपूरहून बघा, तर हाच पहिल्या रघुजींचा राज्यविस्तार! साल एक, शब्द दोन. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला जिंकला, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. मग ‘ऱ्हास’ हा शब्द भोसल्यांच्या वाट्याला आला.

आता प्रश्न असा, की १७५१ ला गोंडांचा इतिहास संपला असेल, तर १८५८ चं काय करायचं? मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी झाली. म्हणजे उठणारे गोंड जमीनदार, पकडून देणारेही गोंड जमीनदार. राजधानी पडून शंभर वर्षं झाली, तरी जंगलातल्या या जमीनदाऱ्या टिकून होत्या, आणि इंग्रजांना त्यांची दखल घ्यावीच लागत होती.

गादीचा अस्त म्हणजे समाजाचा अस्त नव्हे. ‘ऱ्हासकाळ’ शब्द दिसला, की आधी विचारा : कोणाचा? आणि म्हणतंय कोण? चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ज्यांचा इतिहास आपण १७५१ ला संपवतो, ती माणसं आजही इथेच राहतात.