जनरेटर (पायथॉन)
पायथॉन या संगणकीय भाषेतील एक प्रगत सोय. २००१ मधील २.२ या आवृत्तीत ती आली. साधे फंक्शन सगळी उत्तरे यादीत भरून एकदम परत करते. जनरेटर ‘यील्ड’ या आज्ञेपाशी एक मूल्य देऊन थांबतो आणि पुढचे मागितले, की व्हेरिएबलांसकट तिथूनच पुढे चालू लागतो. त्यामुळे अनेक जीबींची लॉग फाइलही मेमरी न भरता ओळीओळीने तपासता येते. मात्र सगळी मूल्ये लागणार असतील, तर एकूण आकडेमोड त्याने कमी होत नाही. वेग वाढतो तो मुख्यतः मेमरी अपुरी पडत असताना किंवा पहिली काही मूल्येच पुरेशी असताना. म्हणून कोड नेमका कुठे रेंगाळतो, हे आधी ‘सी-प्रोफाइल’ या मोजणीच्या साधनाने मोजणे अगत्याचे. जनरेटर एकदाच वापरता येतो. दुसऱ्या लूपमध्ये तो रिकामा निघतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही.