पायलट व्हायचंय? भारत, परदेश की कॅडेट प्रोग्रॅम, मार्ग कसा निवडाल?

'बारावीनंतर दीड वर्षात पायलट व्हा' अशा रील तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: लायसन्स मिळालं म्हणजे एअरलाइनची नोकरी मिळाली, असं नाही. त्यामुळे मार्ग निवडताना नुसती फी पाहू नका. पहिला पगार हातात येईपर्यंत एकूण किती खर्च होईल आणि नोकरी लांबली तर भार कोणावर पडेल, हे आधी पाहा.

तिन्ही मार्गांसाठी काय लागतं?

कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजेच सीपीएल डीजीसीए देतं. त्यासाठी किमान वय १८ वर्षं आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम अशा पेपरांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. बारावीला फिजिक्स आणि गणित नसेल, तर हे विषय एनआयओएसमधून देता येतात. आधी क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल पास व्हावं लागतं.

१. भारतातलं फ्लाइंग स्कूल

उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी 'इग्रुआ' ही यातली नावाजलेली संस्था. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती आणि धुळ्यात प्रशिक्षण चालतं. खर्च साधारण ५० लाखांच्या पुढे जातो. पावसाळ्यात उड्डाणं कमी होतात. विमानं किंवा इन्स्ट्रक्टर कमी असतील, तर कोर्स आणखी रखडतो आणि तोपर्यंत राहण्या-जेवणाचा खर्च सुरूच राहतो.

सीपीएलनंतर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं. बऱ्याचदा हा खर्चही उमेदवारच करतो आणि तो १० लाखांच्या वर जातो. त्यानंतरही एअरलाइनची निवड परीक्षा असतेच.

२. परदेशातलं प्रशिक्षण

अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत चांगल्या हवामानामुळे तास लवकर भरतात. पण व्हिसा मिळायला हवा आणि डॉलर महागला की बजेट वाढतं. परत आल्यावर लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं. त्यासाठी डीजीसीएचे पेपर, मेडिकल आणि उड्डाण चाचणी असते. हा वेळ आणि खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा.

३. एअरलाइनचा कॅडेट प्रोग्रॅम

इथे निवड आधी होते आणि प्रशिक्षण नंतर. अभ्यासक्रम एअरलाइनच्या गरजेनुसार असतो आणि टाइप रेटिंग बहुतेक वेळा पॅकेजमध्येच येतं. खर्च मात्र एक कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. नोकरीचं आश्वासन अटींसह असतं: ठरलेले टप्पे पार करावे लागतात आणि त्या वेळी कंपनीला पायलटची गरजही असावी लागते.

मग सुरक्षित कोणता?

पूर्ण हमी कुठेच नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणं थांबली. अशा वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलटही नोकरी शोधू लागतात आणि नवख्यांची रांग लांबते. नोकरी नसली, तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला पैसे लागतातच.

कॅडेटमध्ये पैसे जास्त लागतात, पण अनिश्चितता कमी असते. फ्लाइंग स्कूलमध्ये खर्च टप्प्याटप्प्याने होतो, नोकरी मात्र स्वतः शोधावी लागते. परदेशात वेळ वाचू शकतो, पण कन्व्हर्जनचा एक टप्पा वाढतो.

फी भरण्याआधी हे विचारा

- आज उडणाऱ्या स्थितीत किती विमानं आहेत आणि विद्यार्थी किती?
- मागच्या बॅचला २०० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले?
- मल्टी-इंजिन विमानाचे तास फीमध्ये धरले आहेत का?
- कोर्स अर्धवट सुटला तर किती पैसे परत मिळतील? हे लेखी आहे का?
- कॅडेट असाल तर बाँड किती वर्षांचा?

साडेसात लाखांपेक्षा मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँका साधारणपणे तारण मागतात. म्हणजे पणाला लागतं ते घर किंवा शेत. म्हणून क्रम पाळा: आधी क्लास १ मेडिकल, मग जमतील तेवढे डीजीसीएचे पेपर आणि त्यानंतरच मोठी फी, तीही शक्यतो हप्त्यांत. पहिल्या दोन टप्प्यांवर अडलात, तर नुकसान काही हजारांचं किंवा फार तर काही लाखांचं होईल. घर तरी गहाण पडणार नाही.